गाठीच्या तापावर लस काढणारे हाफकिन : सरकारी खोलीतलं संशोधन हुबळी-धारवाडपर्यंत कसं पोचलं

कणकुंबी : मलप्रभेचा उगम असलेल्या या गावातून चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो. दोडामार्ग तालुकाही तिथनं फार लांब नाही. काजूचा हंगाम आला की खानापूर तालुक्यातली माणसं घाट उतरून बागांत कामाला जातात. २०१६ साली अशाच मजुरांना माकडतापानं गाठलं. गोव्यातला सत्तरी, महाराष्ट्रातला दोडामार्ग आणि कर्नाटकातला आपला खानापूर, असा तीन राज्यांचा पट्टा त्या काळात या तापानं हैराण झाला. माणसंही दगावली. गोचिडीला राज्याची हद्द कळत नाही, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

या तापावर कर्नाटकात बरीच वर्षं एक लस दिली जायची. तिचा गुण कमी पडायला लागला आणि २०२२ पासून ती देणंच थांबलं. नवी लस करायची तर खर्च मोठा. आणि घेणारे कोण? रानात जाणारा मजूर, गुराखी, काजू वेचणारी बाई. यात कंपनीला नफा दिसत नाही. मग पैसे घालायचे कुणी?

प्रश्न आजचा वाटतो, पण सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात तो एकदा उभा राहिला होता. तेव्हाचा आजार प्लेग, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचा गाठीचा ताप. आणि तेव्हाचा माणूस म्हणजे डॉ. वाल्देमार हाफकिन. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ज्यांचं नाव तिला दिलं ते कोण, कुठले, आणि त्यांच्या वाट्याला काय आलं, हे फार थोड्यांना माहीत असतं.

ओडेसा ते पॅरिस

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आज ते शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू. रशियात त्या काळी ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले व्हायचे. विद्यार्थी असताना हाफकिन वस्ती वाचवायला उभ्या राहिलेल्या तरुणांत होते. त्यासाठी त्यांना अटकही झाली. त्यांचे प्राध्यापक एली मेचनिकोव्ह यांनी मध्ये पडून त्यांना सोडवलं. हेच मेचनिकोव्ह पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

पदवी मिळाली, हुशारी होती, पण विद्यापीठात पुढं जायचं तर धर्म बदलावा लागणार होता. हाफकिन यांनी नकार दिला. काही वर्षं ओडेसाच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात काम केलं आणि १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिसची पाश्चर संस्था. तिथं मेचनिकोव्ह आधीच पोचले होते. पण जागा रिकामी होती ती ग्रंथालयात. हाफकिन यांनी ती घेतली. पुस्तकं सांभाळायची, आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जायचं, असं त्यांचं चालू झालं.

त्या फावल्या वेळात त्यांनी पटकीवरची लस तयार केली. पटकी म्हणजे कॉलरा. १८ जुलै १८९२ ला ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, आणि काही दिवसांत बरं वाटलं. मग मित्रांनी टोचून घेतली. पण लस खरंच उपयोगाची आहे का हे कळायला पटकीची साथ असलेला मुलुख पाहिजे होता. पॅरिसमध्ये इंग्लंडचे राजदूत होते लॉर्ड डफरिन. ते पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी हिंदुस्थानचं नाव सुचवलं.

कलकत्त्याची वस्ती

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. त्या वेळी ते सरकारी नोकर नव्हते. आग्र्यापासून त्यांनी काम सुरू केलं. लष्करी छावण्या, चहाचे मळे, गावं असं फिरत दोन-सव्वादोन वर्षांत चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस टोचली.

१८९४ मध्ये कलकत्ता महापालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्पसन यांनी त्यांना शहरात बोलावलं. कट्टल बागान नावाची एक गरीब वस्ती होती. एकाच तळ्याचं पाणी सगळे वापरत, आणि पटकीनं माणसं मरत होती. वस्तीतल्या सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतलं. त्यानंतर तिथं जे नवे रोगी निघाले आणि जे दगावले, ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते.

हाफकिन यांची पद्धत इथं लक्षात घ्यायला पाहिजे. एकाच घरात, एकाच वस्तीत काहींनी लस घेतली आणि काहींनी नाही घेतली, तर दोघांची तुलना करायची. पाणी तेच, अन्न तेच, घाण तीच. फरक फक्त लसीचा. आज कुठलीही लस तपासताना जे करतात त्याची ही सुरवातच म्हणायची. कलकत्ता महापालिकेनं त्यांना जागा दिली, माणसं दिली. म्हणजे शहराच्या कराचा पैसा संशोधनात आला.

या धावपळीत हाफकिन यांना मलेरिया जडला. १८९५ मध्ये विश्रांतीला ते युरोपला गेले, आणि पुढच्या वर्षी परत आले.

भायखळ्यातली एक खोली

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात माणसं गाठी येऊन मरायला लागली. हा प्लेगच आहे, असं पहिल्यांदा ओळखून सांगितलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्याचे. शहरात घबराट पसरली, लोक मुंबई सोडून गावाकडं पळाले, आणि रोगही त्यांच्याबरोबर गेला.

ऑक्टोबरमध्ये सरकारनं हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला आणलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई, तेही या कामाला नवखे. जगातल्या पहिल्या प्लेगच्या लसीचं काम इतक्या जागेत आणि इतक्या माणसांत सुरू झालं.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी तिची मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आलं आणि जवळजवळ निम्मे कैदी तयार झाले. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांत बरेच आजारी पडले, काही मेले. टोचलेल्यांत आजारी पडलेले अगदी थोडे निघाले. तुरुंगातल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि विचारायलाच पाहिजे. तेव्हा तो कुणी फारसा विचारला नाही.

लसीची कृती आपल्याकडच्या माणसाला गंमतशीर वाटेल. प्लेगचे जंतू मांसाच्या रश्श्यात वाढवावे लागत. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही अडचण नको म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याचं मांस वापरलं. रश्श्यावर साजूक तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. भांडं हलवलं की झुपके तळाला बसायचे आणि नवे वाढायचे. मग सगळं तापवून जंतू मारायचे, त्यात कार्बोलिक आम्ल घालायचं आणि बाटल्या भरायच्या.

दमण, उंढेरा आणि आपली हुबळी

१८९७ हे साल महाराष्ट्रात कुणी विसरणार नाही. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे शिपाई घरात घुसले, बायाबापड्यांची तपासणी झाली. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं १० मार्चला निधन झालं. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकारचा माणूस दारात आला की लोक दार लावून घेत, ते उगीच नव्हे.

अशा दिवसांत लस टोचणाऱ्यावर विश्वास बसणं अवघड होतं. मुंबईत विशीतल्या आगाखानांनी चारचौघांत स्वतःला टोचून घेतलं आणि आपला बंगलाही प्रयोगशाळेला वापरायला दिला. त्याचा फार उपयोग झाला.

पोर्तुगीज अमलाखालच्या दमणमध्येही प्लेग होता. तिथं २,१९७ जणांनी लस घेतली, त्यातले ३६ मेले. लस न घेतलेले ६,०३३ होते, त्यातले १,४८२ मेले. शेकड्यात धरलं तर एकीकडं दीड-पावणेदोन आणि दुसरीकडं जवळपास पंचवीस.

बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावात १८९८ मध्ये प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली. पुढं २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना लागण झाली आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना लागण झाली आणि ३ मेले. हे आकडे वाचताना लसीचा गुण कळतो. पण त्याचबरोबर हेही लक्षात येतं, की एकाच चुलीवर जेवणाऱ्या घरात कुणाला लस मिळाली आणि कुणाला ती मिळाली नाही. प्रत्येक संशोधनाच्या मागं अशी माणसं असतात. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत.

मग प्लेग दक्षिणेला सरकला. बेळगाव, धारवाड, हुबळी हे सगळं तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे परकी नव्हे, आपल्याच इलाख्याच्या सरकारची ती प्रयोगशाळा होती. १८९८ मध्ये हुबळीत प्लेगनं कहर केला. तिथं सर्जन-कॅप्टन ल्युमन यांनी लसीकरण हातात घेतलं. सुरवातीला लोक यायला तयार नव्हते. जसजसं टोचलेले वाचताना दिसले, तसतशी गर्दी वाढली, आणि हळूहळू शहरातल्या बहुतेकांनी लस घेतली. टोचलेल्याला दाखला मिळायचा आणि काही निर्बंधांतून सूटही मिळायची, हेही गर्दीचं एक कारण. धारवाडातही असंच मोठं काम झालं. बाकी गावोगाव लोक जे करत आले तेच करत होते : गाव सोडायचं, माळावर झोपड्या बांधून राहायचं, उंदीर मरायचे थांबले की परत यायचं.

१० ऑगस्ट १८९९ ला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळेचं उद्घाटन केलं. एका खोलीपासून सुरू झालेलं काम तीन वर्षांच्या आत गव्हर्नरच्या जुन्या वाड्यात आलं. सरकारनं नेमलेल्या प्लेग आयोगानं हाफकिन यांच्या काही आकडेमोडीवर बोट ठेवलं. पण लसीनं लागण आणि मृत्यू दोन्ही कमी होतात, हे मान्य केलं.

मुल्कोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग वाढला आणि तिथल्या सरकारनं प्रचंड प्रमाणात लस मागितली. मागणी पुरी करायची म्हणून हाफकिन यांनी लस लवकर तयार होईल अशी नवी पद्धत घेतली. तीत कार्बोलिक आम्ल नव्हतं, जंतू उष्णतेनं मारायचे होते.

३० ऑक्टोबर १९०२ ला मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. वेगवेगळ्या बाटल्या होत्या. त्यातल्या एका बाटलीतून, ५३-एन असा तिचा क्रमांक, १९ जणांना टोचलं होतं. थोड्याच दिवसांत त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे दगावले. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झालं नाही.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. कार्बोलिक आम्ल का गाळलं, हा मुख्य आक्षेप. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आलं. ज्या संस्थेची सुरवात त्यांनी केली, तिथंच त्यांना जागा उरली नाही. ते लंडनला गेले आणि स्वतःची बाजू मांडत राहिले.

बाजू साधी होती. धनुर्वाताचे जंतू मुंबईतच बाटलीत गेले असते, तर इतक्या दिवसांत आतला रस कुजून घाण वास सुटला असता. बाटली उघडणाऱ्यानं वास आल्याचं सांगितलं नव्हतं. उलट, बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीत आलं होतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. म्हणजे घोटाळा झाला तो गावात, त्या क्षणी.

पण हे मान्य व्हायला पाच वर्षं गेली. चौकशीचा अहवालच १९०७ पर्यंत लोकांसमोर आला नाही. तो बाहेर आल्यावर डॉ. सिम्पसन आणि सर रोनाल्ड रॉस पुढं सरसावले. डासामुळं मलेरिया होतो हे सिकंदराबादेत शोधून काढणारे ते रॉस. त्यांनी आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू घेतली. हाफकिन ज्यू होते, परके होते, डॉक्टरकीची पदवी नसलेले जंतुशास्त्रज्ञ होते. फ्रान्समध्ये ज्यू लष्करी अधिकारी द्रेफ्युस यांच्यावर झालेल्या अन्यायाची आठवण तेव्हा अनेकांना झाली. त्याच वर्षाच्या शेवटी सरकारनं हाफकिन यांच्यावरचा ठपका काढला.

निर्दोष ठरले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यात काम मिळालं, तेही हातपाय बांधल्यासारखं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमाराला ते निवृत्त झाले आणि युरोपला गेले. लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं स्वित्झर्लंडमधल्या लोझानला काढली. २६ ऑक्टोबर १९३० ला तिथंच ते वारले. जमवलेली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवून गेले.

मरणाच्या पाच वर्षं आधी, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव देण्यात आलं. १८९७ ते १९२५ या काळात त्या संस्थेतून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं.

पैसा कुणाचा, रोग कुणाचा

हाफकिन यांच्या गोष्टीतला एक भाग सहसा सांगितला जात नाही, तो पैशाचा. प्लेगची लस कुठल्या कंपनीनं काढली नाही. ती सरकारी तिजोरीतल्या पैशातून निघाली, म्हणजे शेतसारा भरणाऱ्या इथल्याच रयतेच्या पैशातून. वर थोडी दानशूरांची भर. सरकारला व्यापार बंद पडायची भीती होती, बंदरं ओस पडायची भीती होती, म्हणून त्यानं हात सैल सोडला. हेतू काही का असेना, काम झालं आणि लस लोकांपर्यंत गेली.

त्याच परळमध्ये पुढं उंदरांच्या पिसवांमुळं प्लेग पसरतो हे सिद्ध करणारं काम झालं. आणि १५ नोव्हेंबर १९११ ला इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या नियामक मंडळाची पहिली बैठक भरली तीही मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेतच. वैद्यकीय संशोधनाला सरकारनं दर वर्षी पैसे द्यायचे, ही व्यवस्था आपल्याकडं तिथनं चालू झाली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, तिचंच नाव भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झालं. कोरोनाच्या काळात घराघरांत ऐकू आलेली आयसीएमआर ती हीच.

याच परिषदेनं अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीनं १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं. आणि १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापानं फणफणली, तेव्हा विषाणू शोधून काढला तो पुण्याच्या याच केंद्रानं. माकडतापाचं शास्त्रीय नाव त्या जंगलावरून पडलं. म्हणजे भायखळ्याच्या खोलीपासून खानापूरच्या काजूबागेपर्यंत धागा सरळ येतो.

जगात मात्र पैसा उलट दिशेनं वाहतो. १९९० साली एका आंतरराष्ट्रीय आयोगानं हिशेब मांडला होता. आरोग्य संशोधनावर जगात होणाऱ्या खर्चातला जेमतेम पाच टक्के पैसा गरीब देशांच्या आजारांकडं जात होता, आणि अकाली मृत्यूंचं नव्वद टक्क्यांहून जास्त ओझं त्याच देशांवर होतं. श्रीमंत देशाच्या बाजारात ज्याला गिऱ्हाईक नाही, त्या रोगावर कुणी आपणहून पैसे घालत नाही. अशा ठिकाणी सरकार पुढं आलं नाही, तर कुणीच येत नाही.

माकडतापाच्या नव्या लसीचं काम आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून करत आहेत. ही कंपनीसुद्धा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची, म्हणजे पुन्हा सार्वजनिकच. लस तयार होईल, तपासली जाईल, त्याला वेळ लागणार. घाई केली की काय होतं आणि चौकशी लांबवली की काय होतं, दोन्ही मुल्कोवालनं दाखवून ठेवलं आहे.

तोवर रानात जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, परत आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करावी, अंगावर गोचीड दिसली तर काढावी, आणि जवळपास माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं. हंगामाहून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठल्या रानात, कुठल्या राज्यात कामाला होतो ते आवर्जून सांगावं. आणि मतं मागायला येणाऱ्यांना, मग ते बेंगळूरचे असोत, मुंबईचे असोत की पणजीचे, एक प्रश्न जरूर विचारावा : रस्ता आणि पाण्याबरोबर आमच्या तापाच्या लसीसाठी अंदाजपत्रकात किती ठेवलंय?